रफ चालेल, असं ती म्हणाली होती

"उद्या हिला नक्की काहीतरी द्यायचंय. ओव्हन घासायला घेतलाय बघ."

हे वाक्य मी ओव्हनच्या आतून ऐकलं. म्हणजे माझं डोकं आणि उजवा हात ओव्हनमध्ये होता आणि उरलेली मी मेलबर्नच्या क्लेटन भागातल्या आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकून बसले होते. बोलणारी माझी पुण्याची फ्लॅटमेट हॉलमध्ये सोफ्यावर होती. ओव्हनमध्ये डोकं घातलेल्या माणसाला ऐकू येत नाही, असं तिला वाटलं असावं. खरं तर त्या पत्र्याच्या पेटीत बाहेरचा आवाज फार छान घुमतो.

"मागच्या वेळी खिडक्या झाल्या," दुसरी फ्लॅटमेट म्हणाली. ती नागपूरची. "त्याच्या आधी मसाल्याचे डबे."

"बाथरूमच्या टाइल्स राहिल्यात ना गं अजून."

"त्या ठेव पुढच्या डेडलाइनला. सगळं एकदमच काहून संपवायचं?"

दोघी हसल्या. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. घरात आपोआप चालणारं एखादं यंत्र असावं आणि ते बरं चालतंय म्हणून समाधान वाटावं, तसं ते हसणं होतं. मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. या घरात इतरांवर नजर ठेवण्याचं काम माझं आहे, असा माझा समज होता. मी कमी बोलते, त्यामुळे मला बरंच दिसतं, असं मी स्वतःला सांगत आले होते. पुणेकरीण ऑफिसच्या मीटिंगला वरती फॉर्मल शर्ट आणि खाली पायजमा घालते, नागपूरकर तिच्या आईशी बोलताना आवाज एक पट्टी वर नेते, हे सगळं माझ्याकडे जमा होतं. त्यांच्याकडेही माझं काही जमा असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. मी मागची जाळीसुद्धा घासून काढली आणि मगच बाहेर आले.

ते लॉकडाऊनचे दिवस होते. मेलबर्नमध्ये कितवा लॉकडाऊन चालू आहे यावरून लोकांचे वाद व्हायचे. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, फिरायला जायचं तर ठरलेल्या वेळेपुरतं, तोंडाला मास्क. युनी, म्हणजे युनिव्हर्सिटी, आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि बंद होती. पुणेकरीण सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. दिवसभर जेवणाच्या टेबलावर बसून इतरांच्या चुका शोधायची, आणि त्या सापडल्या की तिचा चेहरा खुलायचा. नागपूरकर फार्मसिस्ट. तिला परमिट होतं, ती रोज केमिस्टच्या दुकानात जायची आणि सुट्टीच्या दिवशी आर्व्होपर्यंत, म्हणजे इथल्या भाषेत दुपारपर्यंत, झोपायची. आणि मी टाउन प्लॅनिंगच्या मास्टर्सला. माझा थिसिस बसस्टॉपच्या सावलीवर होता.

हे सांगितलं की लोक आधी हसतात, म्हणून मी सांगायचं टाळते. पण विषय खरंच चांगला होता. बसस्टॉपला छप्पर असतं, छपराखाली बाक असतो, पण उन्हाळ्यात दुपारी सूर्य अशा बाजूला असतो की छपराची सावली बाकावर पडतच नाही. ती मागे गवतावर पडते. मग माणसं बाक सोडून मागे गवतात उभी राहतात, ड्रायव्हरला ती दिसत नाहीत, आणि बस आली की हात हलवत धावतात. उन्हाळाभर मी आमच्या भागातल्या बसस्टॉपवर उभी राहून हे बघत होते. कुणाशी बोलायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. माझ्यासाठी याहून चांगलं काम देवानेही शोधून दिलं नसतं. दुसरा भाग हिवाळ्याचा होता. पावसात, वाऱ्यात माणसं कुठे उभी राहतात, तो. हिवाळा आला आणि त्याच्याबरोबर लॉकडाऊन आला. बस रिकाम्या फिरू लागल्या. स्टॉपवर माणसंच नव्हती आणि मलाही तिथे उभं राहायची परवानगी नव्हती.

म्हणजे माझ्या थिसिसचा अर्धा भाग अस्तित्वातच नव्हता. आणि हे मी सुपरवायझरला सांगितलं नव्हतं.

सुपरवायझर इथलीच, ऑस्ट्रेलियन, पिकलेल्या आखूड केसांची. तिला सगळे नावाने हाक मारायचे. मी आयुष्यात एकाही शिक्षिकेला नावाने हाक मारली नव्हती, आणि 'मॅडम' म्हटलं की ती हसायची, म्हणून मी तिला काहीच म्हणत नसे. दर सोमवारी आमची झूमवर भेट व्हायची. ती विचारायची, "कसं चाललंय?" मी कॅमेरा बंद ठेवून, इंटरनेटला दोष देऊन सांगायची, "होत आलंय." घरी रोज आई फोनवर विचारायची, "झालं का गं?" तिलाही तेच उत्तर. आई म्हणायची, "डोळ्यांना जप." सुपरवायझर म्हणायची, "रफ पाठव, चालेल. अगदी रफ."

ओव्हन घासला त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता. त्या सोमवारी ती "चालेल" म्हणाली नाही.

"हे बघ," ती म्हणाली, "पुढच्या सोमवारी आपण दोघी मेथडचं प्रकरण बघू. ते माझ्यासमोर आलं नाही तर या सेमिस्टरला तुझं नाव मला पुढे पाठवता येणार नाही. तुला पुढच्या सेमिस्टरपर्यंत थांबावं लागेल. मला हे तुला आधीच सांगायला हवं होतं."

पुढच्या सेमिस्टरपर्यंत माझा व्हिसा टिकणार नव्हता. देशाच्या सीमा बंद होत्या, नवीन व्हिसाचं कुणी काही सांगत नव्हतं. मी डिग्रीशिवाय डोंबिवलीला परत गेले असते. एवढं सगळं एका क्षणात डोक्यात फिरलं आणि मी म्हणाले, "नो वरीज." इथे येऊन हे एक वाक्य मी अस्खलित शिकले होते.

"ग्रेट," ती म्हणाली आणि गेली.

आता माझ्याकडे एक आठवडा होता. मी पहिली गोष्ट काय केली, तर कामाची टाळाटाळ कशी थांबवावी यावरचे व्हिडिओ बघितले. त्यातला एक माणूस म्हणायचा की काम मोठं वाटलं की ते छोट्या तुकड्यांत कापा. दुसरी एक बाई म्हणायची की टायमर लावा, तो वाजेपर्यंत उठू नका. तिचा टायमर टोमॅटोच्या आकाराचा होता. मी तसाच टोमॅटो फोनवर डाउनलोड केला. मग आठवड्याचं टाइमटेबल केलं. सकाळ पिवळी, दुपार हिरवी, संध्याकाळ जांभळी. हिरवा रंग जरा भडक झाला म्हणून ते सगळं पुन्हा केलं. ते टाइमटेबल इतकं देखणं झालं की त्यावर काही करून ते खराब करावंसं वाटेना.

मी आळशी आहे, हे मी तोपर्यंत धरूनच चालले होते. सगळी लक्षणं तीच होती. नागपूरकरने माझा तो समज मोडला, आणि तोसुद्धा बसस्टॉपवर.

तिच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी फिरायला निघालो. वॉटलची झाडं पिवळ्या फुलांनी भरली होती, आणि मॅगपाय पक्ष्यांचा डोक्यावर झडप घालण्याचा मोसम सुरू झाला होता, त्यामुळे आम्ही मधूनमधून पळत होतो. एका झडपेनंतर धापा टाकत ती समोरच्या बसस्टॉपच्या बाकावर बसली. तो माझ्या स्टॉपपैकीच एक होता.

"इथं उभी राहायची का तू?" तिने विचारलं.

"इथे नाही. तिथे, पोलच्या बाजूला. इथे बसलं की उन्हाळ्यात चटके बसतात. सावली मागे पडते ना." मग मी थांबलेच नाही. एक आजी रोज गवतात फोल्डिंगची खुर्ची टाकून बसायच्या. शाळेची मुलं छपराच्या खांबाच्या सावलीत एका रेषेत, एकामागे एक उभी राहायची, कारण सावली तेवढीच रुंद होती. फॅक्टरीतून सुटलेल्या बायका रस्त्यापलीकडच्या झाडाखाली थांबायच्या आणि बस वळणावर दिसली की रस्ता ओलांडून धावत यायच्या. म्हणजे छप्पर बांधणाऱ्याने पैसे घातले एकीकडे आणि माणसं उभी राहिली भलतीकडेच, असं काहीतरी मी बोलत गेले.

ती माझ्याकडे बघत राहिली. "बाप्पा! तू एवढं बोलतेस?"

मी मास्क नाकावर सरकवला.

"अगं, थांबू नको. हे लिहिलंस का?"

"असं नाही लिहिता येत."

"काहून?"

"ते नीट नाहीये. आणि अर्धंच आहे. हिवाळ्याचं काही नाहीच माझ्याकडे."

"तिला माहितीय?"

मी मॅगपायकडे बघितलं. तो तारेवर बसून आमच्याकडे बघत होता.

"म्हणजे नाही माहीत," ती म्हणाली. "ऐक. आम्ही दोघी म्हणतो की तू आळशी आहेस."

"माहितीय. ऐकलंय मी."

"कधी?"

"ओव्हनमधून."

ती इतकी हसली की मॅगपाय उडून गेला. मग मास्क खाली ओढून ती म्हणाली, "पण ते चूक आहे आमचं. आळशी मी आहे. मी सुट्टीच्या दिवशी लोळते तेव्हा मला मजा येते. पार आत्म्यापर्यंत मजा येते. तुला कुठे मजा येतेय? तू काम करत नाहीस तेव्हा कामापेक्षा जास्त दमतेस. हा आळस नाही, ही भीती आहे. कसली भीती, ते तूच बघ."

मी म्हणाले, "तिला एकदम वाईट काहीतरी कसं दाखवायचं?"

"ती काय म्हणाली, कसं पाठव?"

"रफ चालेल म्हणाली."

"मग?"

"मग काय! असं म्हणायचं असतं. आपण कुणाकडे जेवायला जातो तेव्हा तेही म्हणतात ना, काही आणू नका हं. म्हणून काय कुणी हात हलवत जातं?"

ती म्हणाली, "आमच्या दुकानाच्या मालकाने बार्बेक्यूला बोलावलं होतं, लॉकडाऊनच्या आधी. म्हणाला, काही आणू नकोस. मी सावजी चिकन करून नेलं, मोठा डबा. त्याच्या फ्रीजमध्ये जागाच नव्हती. त्याची बायको तो डबा हातात घेऊन घरभर फिरत होती, कुठे ठेवू, कुठे ठेवू. तेव्हा मला कळलं की तो खरंच म्हणाला होता. इथले लोक म्हणतात तेच त्यांना म्हणायचं असतं. कधी कधी फार निराशा होते, पण असतं."

परत येताना माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. वर्षभर एक बाई मला दर सोमवारी एक साधी गोष्ट सांगत होती आणि मी ती 'येताना मिठाई आण' असा छुपा निरोप असल्यासारखी ऐकत होते. मी ज्या इंग्रजी शाळेत शिकले तिथे रफ वही कुणी बघत नसे. जुन्या वह्यांची उरलेली पानं शिवून आई ती बनवून द्यायची. गणितं तिच्यात सोडवायची, निबंध तिच्यात लिहायचा, आणि मग सगळं फेअर वहीत उतरवायचं, समास आखून, खाडाखोड न करता. मिसचा हात फक्त फेअर वहीवर पडायचा. इंग्रजी आमच्या घरात कुणी बोलत नसे, म्हणून शाळेत बोलायचं वाक्यही मी आधी मनात रफ करायची, मग फेअर करायची, आणि मग हात वर करायची. तोपर्यंत वर्ग दुसऱ्या धड्यावर गेलेला असायचा. मोठी होताना हात वर करणं सुटलं. मनातलं फेअर करणं मात्र तसंच राहिलं. मी लाजाळू आहे असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे माझं वाक्य अजून तयार होत असतं.

हे सगळं कळलं खरं, पण 'कळतं पण वळत नाही' अशी आपल्याकडे म्हणच आहे. त्या संध्याकाळी मी फाईल उघडली, शीर्षकाचा फॉन्ट बदलला आणि बंद केली.

मग चतुर्थी आली.

पुणेकरणीचा हा पहिला गणपती होता. म्हणजे तिच्या घरी दर वर्षी असायचा, पण तिने स्वतः बसवायचा हा पहिला. घरी जाता येत नाही म्हणून तिने ते मनावर घेतलं होतं. एरवी डँडेनॉन्गच्या इंडियन दुकानांतून मूर्ती मिळते, पण डँडेनॉन्ग आमच्या पाच किलोमीटरच्या बाहेर. म्हणून तिने ऑनलाइन मागवली होती. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर आईची पैठणी टाकून मखर केलं होतं, त्यावर दिव्यांची माळ लावली होती. फक्त मूर्ती आली नव्हती. आदल्या दिवशी ट्रॅकिंगवर "रस्त्यात आहे" असं दिसत होतं. चतुर्थीच्या सकाळीही ती रस्त्यातच होती.

"उद्या बसवू या," ती म्हणाली. नऊवारी नेसून ती लॅपटॉपवर पान रिफ्रेश करत होती. "किंवा परवा. पार्सल आलं की."

"आणि माझ्या सारणाचं काय?" नागपूरकर कढई घेऊन दारात आली. ती बौद्ध आहे. आरतीला नसणार, मोदकाला असणार, हे तिने आठवडाभर आधीच जाहीर केलं होतं.

"तू प्रसादातच असतेस नेहमी," पुणेकरीण म्हणाली.

"तुमच्या देवाचं पार्सल येईना, त्यात माझी काय चूक?"

तेवढ्यात पुण्याहून पुणेकरणीच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. फोन मी धरला होता, कारण बाकी दोघींचे हात अडकले होते. काकूंना पूजा बघायची होती.

"हे काय, मखर रिकामं?"

"आई, मूर्तीच आली नाही. उद्या बसवते."

"उद्या? तिथी काय तुझ्या पार्सलसाठी थांबणारे का?" काकू म्हणाल्या. "सुपारी आहे ना घरात?"

"आहे. पण आई, सुपारी? एवढी आरास केलीय मी."

"मग? आरास सुपारीला चालत नाही असं कुणी सांगितलं तुला? तबकात तांदूळ घे, त्यावर सुपारी ठेव, गणपती म्हण आणि सुरू कर. मूर्ती येईल तेव्हा येईल. आपल्या वास्तुशांतीला काय केलं होतं, आठवतंय ना? गुरुजी आले की पिशवीतून पहिली सुपारीच निघते. ए मुली, फोन जरा खाली धर, मला तबक दिसत नाहीये."

हे शेवटचं मला होतं. मी फोन खाली धरला.

सुपारी पूजेच्या पुडीत होतीच. ती तांदळावर ठेवली तर घरंगळली. पुन्हा ठेवली, पुन्हा घरंगळली. मग मी बोटाने तांदळात खळगा केला आणि ती तिथे बसली. एवढ्या मोठ्या पैठणीच्या मखरात ती एवढीशी तपकिरी सुपारी रिकाम्या बसस्टॉपवर एकच प्रवासी असावा तशी दिसत होती. मला हसू आलं. पण इतर कुणी हसलं नाही. पुणेकरणीने तिला अंघोळ घातली, जानवं घातलं, दूर्वा म्हणून मागच्या अंगणातल्या लॉनमधलं गवत वाहिलं. काकूंनी तिकडून मंत्र म्हटले. आरती आम्ही दोघींनीच म्हटली, पण शेजारचे व्हिएतनामी आजोबा कुंपणावरून डोकावले एवढ्या जोरात म्हटली. कुणी एकदाही म्हटलं नाही की हा तात्पुरता आहे, चालवून घ्या. आणि नैवेद्य दाखवताना पुणेकरणीचे डोळे भरून आले ते घरच्या आठवणीने, मूर्ती नाही म्हणून नाही, हे मला तिच्या अगदी शेजारी उभं असल्याने दिसलं.

लहानपणापासून मी हे बघत आले आहे. प्रत्येक पूजेत गुरुजी तांदळाच्या ढिगावर सुपारी ठेवतात, तिला देव म्हणतात, आणि सगळे हात जोडतात. हे किती धीट काम आहे, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. जिथे देव हवा आणि देव हजर नाही, तिथे जे हाताशी असेल ते ठेवायचं आणि पुढे जायचं.

त्यानंतर मी लगेच जाऊन धडाधड लिहिलं, असं झालं नाही. मी मोदक खाल्ले. मग आणखी खाल्ले. फुटलेले मोदक नागपूरकरने केले होते, ते तिनेच संपवले. मी झोपले, उठून मोदकपात्र घासलं, आणि ते घासताना हॉलमधून आवाज आला, "आज नको गं घासू, आमच्यासाठी टाइल्स ठेवल्यात ना!" मी पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं, "टाइल्स तुम्हीच घासा." हॉलमध्ये जोरात टाळ्या वाजल्या.

मग मी खोलीत गेले आणि फाईल उघडली. "हिवाळा" असं मधलं शीर्षक टाकलं आणि खाली लिहिलं, "इथे काही नाही." बघितलं. वाक्य खरं होतं. पुढे लिहिलं, का नाही ते. मग वर गेले, उन्हाळ्यात. तिथे पुन्हा बोटं अडली, कारण पहिलं इंग्रजी वाक्य मनात फेअर व्हायला लागलं होतं. तेव्हा मी एक गंमत केली. मी मराठीत लिहिलं: लोक सावलीत उभे राहतात आणि सावली मागे पडते. बस्स. पुढचं लिहिलं. मग पुढचं. फोल्डिंगच्या खुर्चीच्या आजी आल्या, शाळेची मुलं एका रेषेत आली. बसस्टॉपवर बसून मी जे बोलले होते तेच जवळजवळ तसंच उतरत गेलं, मधे मधे 'शेल्टर' आणि 'अँगल' घालून.

मराठीत मला शाळेत फार मार्क कधी नव्हते. ती माझी घरची भाषा, अभ्यासाची नाही. तिच्यात कुणी माझी वाक्यं तपासली नाहीत, समास आखायला लावला नाही. इतकी वर्षं मी समजत होते की ती भाषा मला नीट येत नाही. ती माझी रफ वही होती आणि ती कुणी माझ्याकडून काढून घेतली नव्हती.

शनिवार-रविवार मी ते मराठी इंग्रजीत उतरवलं. वाईट उतरलं. एक वाक्य तीनदा आलं, काही शब्द मला सापडलेच नाहीत, तिथे मी मराठी शब्द तसाच ठेवून चौकोनी कंसात "शब्द हवा" लिहिलं. टोमॅटो एकदाही लावला नाही. भूक लागली की उठायची. दीड दिवसांनी पुणेकरणीने बादलीत सुपारीचं विसर्जन केलं, तेव्हा मी खाली येऊन "पुढच्या वर्षी लवकर या" म्हटलं आणि पुन्हा वर गेले. मूर्ती पुढच्या महिन्यात आली. आता ती पुणेकरणीच्या कपाटात स्वेटरांमध्ये गुंडाळून ठेवलेली आहे.

सोमवारी सकाळी घरात विलक्षण शांतता होती. पुणेकरणीने तिची मीटिंग बेडरूममध्ये नेली होती. नागपूरकर कामावर जाताना माझ्या दाराशी थांबली, चहाचा कप ठेवून गेली. तिचा चहा फार गोड असतो. मी तो सगळा प्यायले.

सुपरवायझर स्क्रीनवर आली. तिच्या मागे स्वयंपाकघर होतं, आणि टेबलावर कुणाचं तरी अर्धं खाल्लेलं टोस्ट पडलं होतं. इतके महिने मी तिच्याशी बोलत होते आणि ते टोस्ट मला आजच दिसलं, कारण आज मी तिच्याकडे बघत होते.

"कसं झालं?" तिने विचारलं.

माझ्या मनात उत्तर तयार होतं. ते दर सोमवारी तयारच असायचं आणि एव्हाना इतकं फेअर झालं होतं की त्यात एकही चूक उरली नव्हती. होत आलंय, फक्त एकदा नजर टाकायची आहे, आज संध्याकाळपर्यंत नक्की. ती कदाचित हो म्हणाली असती. ती चांगली बाई आहे. आणि मग संध्याकाळी मी टाइल्स घासल्या असत्या, आणि उन्हाळा आला असता, आणि मी विमानात बसले असते.

तिने टोस्टचा तुकडा उचलला, माझ्या काळ्या चौकोनाकडे बघितलं आणि वाट बघितली. मी माणसांना वाट बघताना खूप बघितलं आहे. कुणी फोन काढतं, कुणी घड्याळ बघतं, कुणी उगाच रस्त्यात डोकावतं. तिने यातलं काही केलं नाही. ती नुसती थांबली होती.

मी कॅमेरा सुरू केला. माझा चेहरा कोपऱ्यात दिसला, केस बांधायचे राहिले होते. फाईल स्क्रीनवर टाकली. इंग्रजी वाक्य मनात जुळवायला वेळ नव्हता, म्हणून जसं आलं तसं बोलले, क्रियापदं इकडची तिकडे झाली असतील. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला तिच्या नावाने हाक मारली आणि म्हणाले, "हिवाळ्याचं माझ्याकडे काहीच नाही. कधीच नव्हतं, मी तुला सांगितलं नाही. उन्हाळ्याचं आहे, पण ते वाईट लिहिलंय. तू वाच. मी इथेच बसते."